परशूनं निवडलेला रहाट

नंदिगड्ड्याचा परशू लाकूड ओढण्यात पटाईत, आणि तोंडानंही काही कमी नव्हे. सागवानाच्या खोडाला कव घालायची आणि छातीवर हात मारून सांगायचं, याला किती रेडे लागतील. अंदाज कधी चुकला नव्हता. पहिल्या महायुद्धाआधीच्या त्या सालांत लाकडाच्या कामावर त्याचाच शब्द चालायचा.

एकदा लाकडाच्या मक्तेदारानं कारवारला मोडीत निघालेल्या गलबताचे दोन रहाट काळी नदीच्या काठावर आणले. शिडाचे दोर ओढणारे हे रहाट आता नदीतली लाकडं वर ओढणार होते. एकाचा ढोल, म्हणजे दोर गुंडाळायचा गोल ठोकळा, चांगला घागरीएवढा. दुसऱ्याचा मनगटाहून जरासा जाड, पण फिरवायचा दांडा हातभर लांब आणि बाजूला दात्यांची चाकं.

परशूनं दोन्ही ढोलांना कव घालून पाहिली. "ह्यो बारका तर पोरांचा खेळ हाय! जाडा लावा."

रहाटांबरोबर आलेला गलबतावरचा म्हातारा तांडेल म्हणाला, "बाबा, इथं उलटं असतं. ढोलाच्या मधापासून कडेपर्यंतचं अंतर बघ. दांडा त्याच्या जितकी पट लांब, तितकी पट तुझा जोर. दात्यांची चाकं तो आणखी वाढवतात. फिरवावं जास्त लागतं, पण ओझं येतं. जाडा ढोल दोर भराभर गिळतो, ओझं पेलत नाही."

"मासं धरणाऱ्यानं आमाला लाकूड शिकवावं, व्हय?" परशू म्हणाला. सगळे खो खो हसले.

काय म्हणावं त्या मग्रुरीला! जाड्या रहाटाच्या दांड्यावर त्यानं आपला धाकटा भाऊ गुणा उभा केला. मोकळा दोर झरझर आला, परशू मिशीत हसला. मग दोर ताणला, नदीतला ओंडका अर्धा वर निघाला आणि अडला. गुणानं सगळं अंग दांड्यावर टाकलं. ओंडका मागं घसरला, दांडा उलटा फिरला आणि गुणाचा उजवा हात कोपरापाशी मोडला.

"निसटला माझ्या हातनं," गुणा कण्हत म्हणाला. आणि परशू? हा बाप्या गप्प! दुसऱ्या दिवशी बारक्या रहाटावर एकट्या गड्यानं तोच ओंडका सावकाश काठावर आणला, तेव्हा परशूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हाडवैद्यानं बांधलेला हात सरळ झालाच नाही. भाताची लावणी आली. गुणा बांधावर बसून राहायचा आणि त्याची बायको पुतळी एकटी चिखलात राबायची. शेवटी एका दुपारी परशू बांधावर गुणाजवळ जाऊन बसला.

"गुणा, तुझा हात न्हाई निसटला. रहाटच चुकीचा हुता, म्या निवडलेला. लाज वाटती रं मला."

"ठावं हाय, दादा. तांडेल बोलला तवाच मला पटलं हुतं."

"मग दांडा धरलास कशापायी?"

"चार माणसांत तू बोलून बसला हुतास. म्या न्हाई म्हटलं असतं, तर तुला हसले असते."

परशूनं दोन्ही हातांत तोंड लपवलं, आणि धाकट्या भावजयीच्या देखत तो हमसून हमसून रडला.