निळ्या रेषेच्या आत-बाहेर

नगरपरिषदेत बांधकाम परवानगीचं टेबल सांभाळणाऱ्या इंजिनिअरला किस्से शोधावे लागत नाहीत. ते स्वतःच आत येतात, खुर्ची ओढतात आणि "सायेब, एक छोटंसं काम होतं" म्हणून सुरू होतात! त्यापायी माझा स्वभाव पार बिघडला. भाजीवालीनं फुकट कोथिंबीर दिली तरी मनात येतं, हिचा प्लॉट कुठं असेल? बायको वैतागते. वैतागू दे.

सध्या सगळे किस्से एकाच नाल्याभोवतीचे. आमचं गाव मारेगावकडचं. राजूरच्या कोळशामुळे भाडेकरू वाढले, प्लॉटला भाव आला आणि मोकळी जागा उरली ती नाल्याकाठी. त्या नाल्याची पूररेषा, म्हणजे नकाशावरची निळी रेषा, नव्यानं ठरायची होती. रेषेच्या आत बांधकाम बंद. बाहेर खुशाल मजले चढवा. मोजणी माझ्याकडे. मग काय, रस्त्यात अनोळखी माणसंही नमस्कार करायला लागली!

*

गुड्डूभाऊ आमच्याकडचे मोठे लेआउटवाले. मंजुरीसाठी झाडं लावावी लागतात, म्हणून त्यांची साइट बघायला गेलो. रोपं ओळीत उभी, हिरवीगार. एका वडाच्या रोपट्याला तर बायकांनी वटपौर्णिमेचा दोरा गुंडाळलेला. मन भरून आलं हो!

काही दिवसांनी त्यांच्याच दुसऱ्या लेआउटवर गेलो. तोच वड. तोच दोरा!

"गुड्डूभाऊ, हा इथं कसा?"

"सायेब, बायका सात जन्म तोच नवरा मागते. मी सात लेआउट तोच वड मागतो. माह्यं काय चुकलं?"

*

त्याच लेआउटची ओपन स्पेस शोधायला नकाशा धरून चालत गेलो, तर थेट नाल्यात उतरलो. बूट चिखलात.

"भाऊ, इथं पोट्टे खेळतीन कसे?"

"पोहतीन ना!"

"पण नाल्याले पाणीच येत नाही म्हणता ना तुमी?"

"नाहीच येत. पोहण्यापुरतं येते."

*

हरकतींची सुनावणी होती. एक निवृत्त सर उठले. नाल्याकाठची शेतं हिरव्या पट्ट्यातच राहिली पाहिजेत, नाहीतर पुढच्या पिढीला काय तोंड दाखवणार, असं काही बोलले की टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या.

बाहेर टपरीवर चहा घेताना सर माझ्या कानाशी आले. "सगळ्यांची वावरं हिरवी ठेवा. माह्यं तेवढं पिवळ्यात टाका. पिवळं झालं की घरं बांधता येते."

"अन् पुढची पिढी, सर?"

"थेच तर मागून राह्यली! पोरगा सकाळपासून तीन खेपा फोन करून राह्यला."

*

वैतागून आमच्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, रेषा नेमकी कुठून न्यायची?

साहेब गंभीर झाले. "पर्यावरण आणि विकास, दोन्हींचा बॅलन्स साधायचा."

"म्हणजे कुठून?"

"फोन येईल."

*

फोन यायच्या आत मी ठरवलं, पाणी कुठवर येतं ते काठावरच्या माणसांनाच विचारायचं. वस्तीतलं पहिलं घर सिंधूबाईचं. बाई जिनिंगमध्ये कामाला, घरात सून आणि नातू. मातीच्या भिंती पाडून पक्कं बांधायला घरकुल मंजूर झालेलं, पण निळ्या रेषेपायी अडलेलं. घर रेषेच्या आत गेलं की घरकुल गेलंच.

दारात गुड्डूभाऊ आधीच हजर! यांना गरिबाचा एवढा पुळका कायले? तर वस्ती रेषेबाहेर गेली की समोरच्या काठावरची रेषाही आत सरकून तिथं भाऊंच्या प्लॉटची आणखी एक ओळ निघत होती. भराव टाकायची तयारीही झालेली. म्हणजे पाणी सरकून यायचं ते बाईच्याच दारात.

"बाई, पाणी कुठवर येते?"

"येतच नाही, सायेब. पायरीले बी लागत नाही."

मी आत पाहिलं. पलंगाच्या चारही पायांखाली विटा रचलेल्या.

"पलंग एवढा उंच काहून?"

"खालून झाडू माराले सोपं जाते."

"लाइटचं बटन माह्या डोक्याच्या वर काहून?"

"नातू बोटं घालते त्यात."

"अन् गव्हाचा डबा आढ्याले टांगला थो?"

"उंदरं हायेत ना बाप्पा!"

"भिंतीवर हा छातीएवढा गाळाचा पट्टा?"

सून एकदम खाली बघायला लागली. बाई म्हणाली, "रंगच तसा देल्ला."

"झालं तर मंग! लिहा, सायेब," गुड्डूभाऊ खुशीत म्हणाले. मला असा संताप आला! बाईचा नाही, पण आला. टेप गुंडाळला आणि निघालो.

सिंधूबाई माझ्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत आली. गुड्डूभाऊंची गाडी वळेपर्यंत थांबली.

"सायेब, पाणी येत नाही असंच लिहजा. माह्यं घर होऊ द्या."

मी जायला वळलो, तर बाईनं परत हाक मारली.

"अन् औंदा पावसाळ्यात थ्या नगरपरिषदेच्या शाळेची खोली जरा अगुदर उघडून देजा. मांगच्या खेपेले कुलूप निघेपर्यंत नातवाले डोक्यावर धरून उभी होती मी."