कांद्याच्या चाळीतली पिल्लं

व्हिडिओवर आत्याची डुकरं दाखवताना तुमचे धाकटे आजोबा मागे उभे राहून सगळं स्वतःच्याच डोक्यातून निघाल्यासारखं बोलतात. तुम्ही दोघं लांब आहात, तुम्हाला ते खरं वाटेल. म्हणून लिहिते.

शेड तुमच्या आत्याचं. प्रशिक्षण तिने घेतलं, बापाचं, म्हणजे माझ्या या दिरांचं, मन तिने वळवलं. बापाने एकच अट घातली, कुणाला सांगायचं नाही. वाटूरच्या बाजारात कुणी विचारलं की दीर छाती काढून सांगत, शेळीपालन. त्या शेळ्या कुणी कधी पाहिल्या नाहीत. शेडकडे ते फिरकत नसत, वाऱ्याची दिशा बदलली तरी अंगणातली खुर्ची हलवत. मात्र पहिल्या विक्रीतून आलेल्या मोटारसायकलवर बसताना त्यांना कसलाच विटाळ होत नसे.

ती पहिली डुकरं विकत आणून वाढवलेली होती. घरच्या मादीचं पहिलं वेत त्या थंडीत झालं. नऊ पिल्लं. आत्याने प्रत्येकाला पुसून कोरडं केलं, पहिला चीक पाजला. मादी आडवी होताना पिल्लू भिंतीशी चिरडतं, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लोखंडी दांडा बसवला होता. कोपऱ्यात गवत, वर पिवळा बल्ब. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर चरबी नसते, ते ऊब धरू शकत नाही. तिच्या मेहनतीची ही परीक्षा होती. हे वेत जगलं, तर बाहेरून पिल्लं आणायची गरज संपणार होती.

नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडहून पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलगा तिथल्या कोर्टात वकील. दिरांनी इस्त्रीचे कपडे घातले, मुलाच्या आईला थंडी वाजू नये म्हणून बैठकीत हीटर लावला. एवढी काळजी त्यांनी घरच्या माणसांची कधी घेतली नव्हती.

आत्याला साडी नेसवत होते, तेव्हा मी बल्ब चालू आहे ना बघायला शेडमध्ये गेले. बल्ब चालू होता. खाली नुसतं गवत होतं.

दिरांना विचारलं. मादीचा आवाज बैठकीत येईल म्हणून दोन गड्यांकरवी त्यांनी मादी आणि पिल्लं शेताच्या टोकाला, कांद्याच्या चाळीत नेऊन ठेवली होती.

"वहिनी, दोन तासांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "कांद्याला चालती ती जागा, डुकराला काय झालं?"

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस हे बोलत होता. कांदा सडू नये म्हणून चाळीला चारी बाजूंनी फटी ठेवतात, वारा आरपार जातो. तिथे दांडा नाही, बल्ब नाही, आणि नव्या जागेत बिथरलेली मादी. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तोवर पाहुणे येऊन बसले होते. मी बैठकीत गेले आणि पोह्यांचा ट्रे धरून उभ्या असलेल्या तुमच्या आत्याला सगळ्यांसमोर सांगितलं, पिल्लं चाळीत आहेत.

तिने ट्रे वकिलाच्या मांडीवर ठेवला आणि गेली.

परत आली ती टोपली घेऊन. दोन चिरडली होती, एक गारठून गेलं होतं. उरलेली सहा लटपटत होती. तिने टोपली थेट हीटरपुढे ठेवली आणि मुलाच्या आईला पाय जरा बाजूला घ्यायला सांगितलं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"डुकराची पिल्लं. शेळ्या न्हाईत आमच्याकडं."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. दीर मुलीच्या डोक्याशी उभं राहून खानदानाचं नाक, बिरादरी, लोक काय म्हणतील, असं बरंच काही बोलत होते. तीन मेली, त्याबद्दल एक शब्द नाही. ती गोणपाटाने पिल्लं चोळत होती.

"अण्णा, मादी परत आणा. तुम्ही नेली, तुम्हीच आणा. दूध न्हाई मिळालं तर हीटर काय करणार?"

गडी जेवायला गेले होते. दीर स्वतःच गेले. पाहुण्यांची गाडी थंडीने बराच वेळ चालूच होत नव्हती; ती वळून फाटकाबाहेर पडत होती, तेव्हा इस्त्रीच्या कपड्यांत, हातात काठी घेऊन, ते मादीमागे बांधावरून येत होते. गाडी थांबली, काच खाली झाली, आणि मग गेली.

आत्याने सर्वांत अशक्त पिल्लू पुढच्या सडाला लावलं, तिथे दूध जास्त असतं. सहाही प्यायली. दीर विहिरीवर हात धुवायला गेले आणि जेवणाची वेळ टळली तरी आले नाहीत. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं नाही.