एकही रकाना मोकळा नाही

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सरकारी कचेरीत बसून अख्ख्या जिल्ह्याच्या तब्येतीचा तक्ता करतात. हवा, नदीचं पाणी, विहिरींची पातळी, झाडं, कचरा, सगळं त्यात. चाळीस ठिकाणं. प्रत्येक ठिकाणासमोर आकडा आणि आकड्याशेजारी ठिपका, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. वर्षातून एकदा हा तक्ता इंटरनेटवर चढतो. कुणीही उघडून पाहावा. घरी पाहुणा आला की त्याचा चहा संपायच्या आत भावोजी तो त्याच्या नाकासमोर धरतात आणि एकोणीस वर्षांत एकही रकाना मोकळा नाही, हे पालुपद ऐकवतात. पाहुणा वा वा म्हणतो. मी स्वयंपाकघरात निघून जाते.

माणूस नीटनेटका, हे मान्य. चपलासुद्धा भिंतीशी काटकोनात लावतो. पण ते रकाने कसे भरतात ते मला ठाऊक आहे. जिथून नवा आकडा आला नाही, तिथं भावोजी गेल्या वर्षीचाच उतरवतात. पूर्वी छापील पुस्तकात अशा आकड्याला चांदणी असायची आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘मागील पानावरून पुढे’. इंटरनेटवर चढवताना ह्यांनी चांदण्याच काढून टाकल्या. पान गचाळ दिसतं म्हणे.

त्या चाळीस ठिकाणांतलं एक म्हणजे माझ्या शाळेची गच्ची. मी तिथं विज्ञान शिकवते. गच्चीवर हवा मोजायचं कपाटाएवढं यंत्र होतं. सहा वर्षांपूर्वी गच्ची गळायला लागली म्हणून ते उतरवलं, दुरुस्तीला नेलं, ते नेलंच. त्याच्या चौथऱ्यावर आमच्या शिपाईमावशींनी कोरफडीची कुंडी ठेवलीय. पुढे शाळेमागे खडी फोडायचा कारखाना आला. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं, इतकी धूळ. आणि भावोजींच्या तक्त्यात आमची गच्ची हिरवीगार. शेजारी आडवा बाण, परिस्थिती स्थिर. कुंडी स्थिर आहे, यात वाद नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझी भाची घर शोधत होती. तिची चार वर्षांची मुलगी, भावोजींची एकुलती नात, छातीनं नाजूक. जरा धूर लागला की घरघर सुरू. म्हणून भाचीला हमरस्त्यापासून लांब, स्वच्छ हवेत जायचं होतं. तिनं काय करावं? वडिलांचा तक्ता उघडला, हिरवा ठिपका पाहिला आणि आमच्या शाळेमागच्या वसाहतीत घर ठरवून टाकलं.

त्या रविवारी सगळे बहिणीकडे जेवायला होतो. मी भर पानावर सांगून टाकलं की तिथं यंत्रच नाही, ठिपका सहा वर्षं शिळा आहे. भाची हसली. मावशीचं आणि बाबांचं कधी पटलंय, म्हणाली. तेही खोटं नाही. मग तिनं वडिलांकडे वळून विचारलं, “बाबा, तो ठिपका खरा ना?”

भावोजींनी चमचा सरळ केला. “आकडा अधिकृत आहे,” ते म्हणाले.

हात धुताना मी त्यांना गाठलं. पोरीला खरं सांगा म्हटलं. तर पुटपुटले की एक रकाना उघडा पडला की बाकीच्या अकरा शिळ्या रकान्यांचीही चौकशी होईल, आणि पुढच्या महिन्यात निवृत्ती, खात्याकडून सत्कार. शिवाय आपण स्थिर म्हटलंय, चांगलं म्हटलेलं नाही. हे बोलताना टॉवेलच्या कडा जुळवत होते. मला किळस आली त्या माणसाची. नातीच्या जिवावर बेतलं तरी ह्याला सत्काराची शाल प्यारी.

माझंही चुकलंच. भाचीचा हात धरून तिला गच्चीवर न्यायला हवं होतं, कुंडी दाखवायला हवी होती. त्याऐवजी मी तरातरा घरी आले आणि फुगून बसले. तेवढ्यात भाचीचं सामान नव्या घरात हललंही.

सत्कार झाला. भाषणात ‘एकही रकाना मोकळा नाही’ दोनदा आलं, टाळ्याही पडल्या. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात नातीला दवाखान्यात हलवावं लागलं.

मी शाळा सुटल्यावर पोचले. पोर उशांना टेकून बसली होती, दर श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता. भाची तिची पाठ चोळत होती. भावोजी नातीची बाहुली मांडीवर घेऊन स्टुलावर. खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकवलेला, दर तासाला एक रकाना, त्यात ऑक्सिजनचा आकडा. तीन वाजता चौऱ्याण्णव. चारचा रकाना मोकळा.

नर्सबाई घाईत आल्या. सकाळपासून त्यांना दम खायला वेळ नव्हता, दिसत होतं ते. रकाना पाहून म्हणाल्या, “चारचं राहिलंच. तेवढंच असेल, चौऱ्याण्णव टाकते.” आणि पेन उघडलं.

भावोजी स्टुलावरून असे उठले की बाहुली खाली पडली. त्यांनी नर्सबाईंचं मनगट धरलं.

“मोजल्याशिवाय लिहू नका,” ते म्हणाले.

नर्सबाईंनी चिडून बोटाला चिमटा लावला. पंच्याऐंशी. मग धावपळ झाली, डॉक्टर आले, तोंडावर मास्क चढला. तासाभरानं आकडा हळूहळू नव्वदीच्या वर आला आणि पोरीला डुलकी लागली.

भाची वळली. इतका वेळ तिचं लक्ष नव्हतं असं मला वाटलं होतं. पण तिनं ते ‘मोजल्याशिवाय’ ऐकलं होतं.

“बाबा, आमच्या तिथला ठिपका शेवटचा कधी मोजलाय?”

दोन महिने मी जिभेला धार लावून बसले होते. तिची गरजच पडली नाही. भावोजी तक्त्यातल्या त्या पंच्याऐंशीकडे बघत राहिले.

“सहा वर्षांपूर्वी,” ते म्हणाले.

भाचीनं खाली पडलेली बाहुली उचलली, झटकली, लेकीच्या कुशीत ठेवली. मग वडिलांना म्हणाली, तुम्ही बाहेर बाकावर बसा. ते गेले. स्टूल रिकामं झालं, त्यावर मी बसले.