कॉम्प्युटरमधल्या आत्याबाई

हे ऐकल्यावर तुम्ही मला कॉम्प्युटरचं पुन्हा काही विचारणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगते. आधी चहा घ्या, निवून जाईल.

आमच्या मानवतच्या भावकीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली पहिली सून मी. माहेरी असताना केला होता. तेवढ्यावर माझा असा दबदबा की मिक्सर बिघडला तरी लोक म्हणायचे, "तिला विचारा." आणि मी पण जाऊन मिक्सरकडं गंभीर चेहऱ्यानं बघायची.

घरातला कॉम्प्युटर पोराच्या शाळेसाठी घेतलेला. पोरगा पुण्याला गेला, लॅपटॉप आला, आणि हा आपला समोरच्या खोलीत जुन्या साडीच्या तुकड्याखाली झाकून बसला. त्याच्याच वर भिंतीला आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हार घातलेला फोटो. खिळा तिथं होता म्हणून तिथं लावला, दुसरं काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मंदावन्सं आल्या. ही माझी धाकटी नणंद, परभणीला दिलेली. आत्याबाई गेल्यावर पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमचे हे दुकानावर गेले आणि वन्सं मला म्हणाल्या, "वैनी, तुमच्या लग्नाची सीडी हाय का हो अजून?"

"असंल की. काय करता?"

"आईचा आवाज ऐकायचाय."

आत्याबाईंचं असं, की मोबाइल समोर धरला की तोंड मिटून बसायच्या. फोटो ढीगभर, आवाज कुठंच नाही. आणि लग्नाच्या सीडीवर शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चिकटवलेली. पण वन्संना पक्कं आठवत होतं, मी उंबऱ्यावर उभी असताना एक गाणं संपतं, आणि दुसरं सुरू व्हायच्या आत आई काहीतरी बोलते. तेवढीच एक जागा.

"दोन शब्द असतील," त्या म्हणाल्या. "पण असतील."

सीडी कपाटात सापडली. मी कोर्स केलेली बाई. पदरानं ती चकचकीत बाजू अशी पुसली की त्यात तोंड दिसावं. ट्रेमध्ये ठेवली तेव्हा खरंच दिसलं, माझंच, पण वाकडंतिकडं आणि भुताटकीसारखं. बटन दाबलं. ट्रे आत गेला.

आतून आवाज यायला लागला. कट. कट. खर्र. थोडा वेळ शांत. परत कट, कट, खर्र. पडद्यावर काहीच येईना, नुसतं सांगायला लागलं की डिस्क घाला.

मी सीडी काढली, फुंकली, पुसली, परत तशीच ठेवली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. डब्याला एक हलकी चापट पण मारली, कोर्समध्ये शिकवली नव्हती ती. कट, कट, खर्र.

मागं बघते तर वन्संचा चेहरा पांढराफटक.

"वैनी," त्या हळूच म्हणाल्या, "हा अडकित्त्याचा आवाज हाय."

आता तुम्ही म्हणाल, काहीतरीच. पण त्या खोलीत बसून बघायचं होतं. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रं नव्हतं. खिडकीला पडदा, आत अंधुक. आत्याबाई ह्याच कोपऱ्यात भिंतीला टेकून सुपारी कातरायच्या. कट, कट, आणि मग अडकित्ता फरशीवर सरकवायच्या, खर्र. अगदी तोच आवाज.

मी उठले, पदर डोक्यावर घेतला आणि फोटोला नमस्कार केला. फोटो टेबलाच्या वर, मग डोकं टेकवायचं कुठं? टेबलावरच. कपाळ टेकवलं आणि ट्रे बाहेर आला.

आपोआप. बटनाला कुणाचा हात नाही. सावकाश, आवाज न करता बाहेर आला आणि आमच्या दोघींपुढं तसाच थांबला.

"आई सुपारी मागायची तेव्हा असाच तळवा पुढं करायची," वन्सं म्हणाल्या.

मी बटन दाबून ट्रे आत ढकलला. वाटलं, योगायोग असेल. वन्संनी हात जोडून विचारलं, "आई, तू हाईस का?" काही झालं नाही. मला जरा धीर आला. आत्याबाई, चुकलं-माकलं पोटात घाला, असं मनात म्हणत मी पुन्हा डोकं टेकवलं. ट्रे पुन्हा बाहेर.

तेवढ्यात शेजारच्या गयाबाई विरजण मागायला आल्या. वाटी हातातच राहिली आणि त्या दारात थबकल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इच्छा राहिली असंल म्हातारीची. जीव कशात तरी अडकलाय."

हे ऐकलं आणि वन्संचा बांध फुटला. "माझ्यात अडकलाय. ती मला बोलवायली होती. मी उद्या येते, परवा येते करत बसले. मी पोचले तवा तिला अंगणात घेतलं होतं, गयाबाई."

मला हे माहीत नव्हतं. वर्षभर मी समजत होते की वन्सं माझ्यावर फुगून आहेत, म्हणून येत नाहीत.

मी डोळे मिटले, कळवळून म्हणाले, "आत्याबाई, लेकीवर राग धरू नका," आणि कपाळ जोरात टेकवलं. ह्या वेळी ट्रे आत गेला. पण वन्संनी नेमका तेव्हा त्याच्यावर हात ठेवला होता, आणि ट्रेनं त्यांचं बोट पकडलं. दुखेल असं नाही. लहान लेकरू धरतं ना, तसं.

"आईनं बोट धरलं," वन्सं एवढंच म्हणाल्या. गयाबाईंनी वाटी खाली ठेवून हात जोडले.

ट्रे सुटला, वन्संनी बोट काढलं. मग त्यांची नजर खाली गेली. कीबोर्डवर, वरच्या कोपऱ्यात, कुंकू होतं. लालभडक, ओलसर.

"हे मघाशी नव्हतं," मी म्हणाले.

आत्याबाई सवाष्ण गेल्या होत्या. जाताना कपाळभर कुंकू लावलं होतं त्यांना. आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि कोण आधी पळालं ते मी सांगणार नाही, पण दार गाठणारी पहिली मीच होते.

हे जेवायला आले तेव्हा आम्ही तिघी अनवाणी ऊन खात ओट्यावर उभ्या.

"घरात साप निघाला का?"

"आत्याबाई हायत," मी म्हणाले.

हे आत गेले. आम्ही दाराच्या फटीतून बघत होतो. त्यांनी कॉम्प्युटर बघितला, कीबोर्ड बघितला, मग वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या कपाळाकडं. कुंकू पुसायला त्यांनी कीबोर्डच्या त्या कोपऱ्यातल्या बटनावर बोट फिरवलं आणि ट्रे बाहेर आला. परत दाबलं, आत गेला.

"हे सीडी काढायचं बटन हाय," ते म्हणाले. "तू ह्याच्यावर डोकं आपटायलीस."

आम्ही तिघी हळूहळू आत आलो. वन्सं माझ्याकडं बघत होत्या. गयाबाईंनी वाटी उचलली, पण गेल्या काही नाहीत.

ह्यांनी सीडी उचलली, उलटीपालटी करून बघितली. एका बाजूला आमची दोघांची नावं आणि बदाम.

"ही नावाची बाजू खाली तोंड करून का ठेवली?"

"चकचकीत बाजू वर बरी दिसती," मी म्हणाले.

"कोर्स कुठं केला होतास?" त्यांनी शांतपणे विचारलं. त्यांनी सीडी पलटली आणि ट्रे आत ढकलला. कट नाही, खर्र नाही. सनई सुरू झाली.

हळद गेली, पंगती गेल्या. मग आमच्या घराचा उंबरा आला, त्यावर तांदळाचं माप, समोर खाली मान घातलेली मी. गाणं संपलं. वन्संनी माझा हात घट्ट धरला.

आत्याबाई समोर आल्या. केस काळे, हातात भाकरीचा तुकडा. नवरा-नवरीवरून ओवाळायला पाणी कुणी आणलं नव्हतं. त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं, पाणी कुठाय? उभी काय राहिलीस, आण की."

पुढं दुसरं गाणं लागलं. वन्सं रडत होत्या, हसत होत्या, ह्यांनी तोंड फिरवलं होतं. हे मला गयाबाईंनी नंतर सांगितलं. कारण मी तिथं नव्हतेच. मी पदर सावरत स्वयंपाकघरातून भरलेला तांब्या घेऊन आले होते आणि कॉम्प्युटरसमोर उभी राहून म्हणत होते, "आणलं, आत्याबाई."



मग ह्यांनी ते बटन दाबलं, ट्रे बाहेर काढला आणि म्हणाले, "ठेव ह्याच्यावर."