इंजन चालू रखना

थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच सांगायला पाहिजे! सकाळी शेजारच्या मामानं नवी गाडी आणली. बटन दाबलं की काच खाली, बटन दाबलं की चारी दारं बंद. "ये फौजी, बस की!" म्हणले. मी न्हाई बसलो. का, ते सांगतो.

मी फौजेत एमटीला, म्हंजी गाड्यांच्या विभागात, ड्रायव्हर होतो. नायक दिगंबर माझा सीनियर. मी पेडगावचा, त्यो ताडकळसचा. सकाळी फॉल-इनची हजेरी, मग गाडीचं तेल-पाणी, मग ड्युटी. एरवी आमी गावच्या बोलीत बोलायचो. हुकूम मात्र त्यो हिंदीत सोडायचा. हिंदी निघाली की दोस्ती बंद.

त्या साली दोघंबी संगंच सुट्टीवर आलो. दिगंबरच्या घरी फौजेच्या लिलावातली जुनी जीप होती. बॅटरी मेलेली. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवलं की इंजन लागायचं.

त्याची बहीण सुमनताई बाळंतपणाला माहेरी आलेली. दुपारी कळा सुरू झाल्या तवा मी तिथंच होतो. विद्यापीठाच्या नामांतराचा बंद, एसटी न्हाई. दाजींची बटनाची गाडी दारात हुभी. दिगंबर जीपला हँडल मारायला लागला.

दाजी म्हणले, "मेव्हणे, तुमचा खटारा चालू होईस्तोर पोराचं बारसं होईल!"

"हसा दाजी. पण वढ्याला पाणी दिसलं तर गाडी घालू नका."

दाजी ताईला घेऊन परभणीच्या मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याला लागले. आमी मागून निघालो.

वढ्यावर पोचलो तर दाजींची गाडी पाण्याच्या मधोमध बंद, काठावर लोकं जमलेली. वर कुठंतरी पाऊस झाल्ता, पाणी चढायलं होतं. गाडीतला करंट गेलेला. काच उतरना, दार उघडना. ताई आतून काचेवर हात मारायली होती. आवाज येत नव्हता.

दिगंबरनं दोराचं एक टोक जीपच्या हुकाला बांधलं, दुसरं खांद्यावर टाकलं आन हँडल उचललं. मी बी उतरायला लागलो.

"इंजन चालू रखना!"

"नायकसाब, मी बी येतो—"

"हिलना नहीं. हँडल मैं ले जा रहा हूँ."

बरोबर होतं. इंजन बसलं असतं तर ताईला कशात नेणार? मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबून बसलो. मी नुसतं बघायलोय.

हँडलच्या दुसऱ्या घावाला काच फुटली. दिगंबरनं दोर ताईच्या काखेतून बांधला. काठावरच्या लोकांनी तिला वढून घेतलं. दाजी तोच दोर धरून तिच्यामागं आले. दोर काठावर आला, दिगंबर गाडीच्या टपावर चढला.

"दोर परत फेकतो, थांब!" मी वरडलो.

"फेंकने दो उनको! तू दीदी को लेके निकल! इंजन बंद मत करना!"

दोर हुकातून सोडून लोकांच्या हातात दिला आन निघालो. ताडकळसच्या दवाखान्यात ताईला पोचवलं. दारात बी इंजन चालूच ठेवलं, तसाच माघारी आलो.

वढ्यात गाडी आडवी पडलेली. टप रिकामा. ओला दोर तसाच काठावर पडलेला.

दिगंबर दुसऱ्या दिवशी सापडला. हँडल न्हाई सापडलं. ताईला पोरगी झाली. जीप आता माझ्याकडं हाय; ढकलून चालू करावी लागती, तरी मी तीच चालवतो.

त्या सांजंला मी जीपमधून उतरलो न्हाई. पेट्रोल संपेस्तोर इंजन चालू ठेवलं. बंद कर म्हणायला दिगंबर आलाच न्हाई.

तुमच्या बी बाबतीत असं झालंय का हो? हुकूम देणारा गेला, आन हुकूम अजून चालूच हाय?