ताईच्या दाराची बेल

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याहून तिच्याकडेच निघालो होतो. एसटी उंब्रजला थांबली होती. तिला सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "झोपेतच गेल्या. घाबरल्या न्हाईत." खोटं कशाला बोलू, ते ऐकून आधी जीव भांड्यात पडला, रडू नंतर आलं...

आमच्या घरात बहुतेक सगळे फौजेत. थोरली ताई तेवढी पुस्तकांच्या मागे लागली, आणि तीही कुठली, तर युरोपातल्या शहरांमधल्या ज्यू वस्त्यांची. सांगलीच्या कॉलेजात शिकवून विश्रामबागेत घरी आली की पुन्हा त्याच गल्ल्यांत शिरायची. व्हिएन्नातला शिंपी कुणाच्या शेजारी राहायचा, कुठल्या कॉफीच्या दुकानात वर्तमानपत्रावरून भांडणं व्हायची, हे ती भावकीतल्या बातम्या सांगाव्यात तसं सांगे. मी सुट्टीवर आलो की तिची चेष्टा करायचो. एकदा सहज विचारलं, त्या लोकांना मारलं कसं? ताई चिडलीच. "आधी जगत कशी हुती ते इचार की रं सुभ्या. मारल्याचं समदीच इचारत्यात."

पुढे तिला विसरण्याचा आजार जडला. त्यानं शिंपी नेला, कॉफीचं दुकान नेलं, आणि मागं ठेवली ती फक्त त्या लोकांना धरून न्यायला दार ठोठावणारी माणसं. एका दुपारी मी बेल वाजवली, दार उघडेना. मागच्या बाजूनं आत गेलो तर ताई कपाटाच्या आड बसलेली, तोंडावर हात दाबून. मला ओळखलं, पण खुणेनंच खाली बस म्हणाली. मी बसलो. सीमेवर नोकरी केलेला माणूस मी, पण तेव्हा खरंच घाबरलो. येणारे तिला दिसत होते, मला नाही. तिला त्यांच्यापासून वाचवायचं कसं?

त्याच दिवशी बेलची वायर काढून टाकली. मग गावाकडे मारतात तशी फाटकातूनच हाक मारायला लागलो, "आगं ताई, सुभ्या आलाय." आतून दर वेळी विचारणा व्हायची, "संगं कोण हाय?"

"कोण न्हाई. एकटाच हाय."

मग कडी निघायची. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं.

अजूनही साताऱ्यात माझ्या घरची बेल वाजली की मी दचकतो. परवा ताईचं घर आवरायला गेलो. किल्ली खिशातच होती, तरी फाटकाशी हाक गेलीच... विचारणारं कुणी नव्हतं. थोडा थांबलो. मग म्हणालो, "कोण न्हाई गं संगं. एकटाच हाय," आणि कुलूप काढलं.