काळी एक ते पांढरी सात

माणसं प्रवासवर्णनं लिहितात ती नॉर्वेची, लडाखची, गेला बाजार कोकणाची. मी गेलं वर्षभर कोलशेत, घोडबंदर रोड, डोंबिवली आणि कल्याण एवढाच मुलूख पाहिला, तोही बराचसा टेम्पोच्या मागच्या भागातून, एका ऑर्गनला मिठी मारून. तेव्हा निसर्गवर्णनाची अपेक्षा असेल त्यांनी दुसरं पुस्तक उघडावं.

झालं असं की मी नोकरी करत होतो तो कारखाना गुजरातला गेला आणि मी गेलो नाही. घरी बसून मी दिवसातून किती वेळा फ्रिज उघडतो हे बायकोच्या, म्हणजे संध्याच्या, लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, नुसतं त्यात डोकावून काही उगवणार नाहीये. त्यापेक्षा आमच्याबरोबर चला."

'आमच्या'मध्ये तिच्या वडिलांची संगीत नाटक मंडळी येते. अण्णा, माझे सासरे, सत्तरी ओलांडलेले, आणि अजूनही राजपुत्राची भूमिका करतात. नाटकाचं नाव 'संगीत हेमांगीहरण'. हेमांगीला पळवतात, राजपुत्र शोधतो, आणि दोघंही त्या गडबडीत भरपूर गातात. संध्या ऑर्गन वाजवते. मला गाता येत नाही म्हणून पडदा ओढायचं काम मिळालं, पडद्याजवळच असतो म्हणून घंटाही, आणि गाडीत मावत नाही म्हणून टेम्पो.

पहिला मुक्काम कोलशेत. गुढीपाडव्याच्या सकाळी खाडीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही जमलो. मंडळीचे राजवाडा, उपवन आणि अरण्य असे तीन रंगवलेले पडदे तिथे बांबूंवर गुंडाळून ठेवलेले असतात. समोरच प्रमोदचं घर. प्रमोद आमचा तबलजी. घराणं खाडीत जाळी टाकणारं, स्वतः दिवसा गोदामात नोकरीला. मला टेम्पोतून उतरताना पाहून म्हणाला, "जावयबापू, ऑरगन तुमाला घेऊन आयला का तुमी ऑरगनला?"

मंडळीचा पाडव्याचा एक रिवाज आहे. पडद्यांपुढे नारळ फुटतो, मग नायक ऑर्गनपाशी जातो आणि वर्षभरासाठी आपली पट्टी (गाण्याचा मूळ सूर) सांगतो. ती फक्त त्यानंच सांगायची. बाकी कोणी त्यात तोंड घालायचं नाही, आणि एकदा सांगितली की पुढच्या पाडव्यापर्यंत बदलायची नाही. अण्णा पंचविशीत पहिल्यांदा "काळी एक" म्हणाले, ते आजतागायत. काळी एक म्हणजे पेटीवरची एक काळी पट्टी. माझ्यासारख्याला त्यात विशेष काय ते कळत नाही, पण मंडळीत लोक ते नाव किल्ल्याचं घ्यावं तसं घेतात.

"काळी एक," अण्णा म्हणाले, आणि प्रवेशाच्या पदाची पहिली ओळ गायले. वरच्या सुरावर आवाज चिरला. अण्णांनी खाकरून सांगितलं, "खोबरं अडकलं जरा."

खोबरं अजून वाटलंच नव्हतं. सगळ्यांनी अरण्याच्या पडद्याकडे पाहिलं.

दुसरा मुक्काम आमचीच सोसायटी, गणपतीत. कोलशेतहून घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरपर्यंत कोणी चालत निघालं तरी जेवायच्या आत पोचतं. आम्ही वाहनानं निघालो, त्यामुळे उशीर झाला. हेमांगीचं काम करणाऱ्या माधुरीताई तयारी करूनच रिक्षात बसल्या होत्या. ट्रॅफिक हलेना तेव्हा त्या उतरल्या आणि मुकुट सांभाळत, शालू उचलून धरत दुभाजकावरून चालू लागल्या. बसमधल्या एकानं खिडकीतून विचारलं, "मॅडम, शूटिंग कुठंय?" त्या म्हणाल्या, "हरण व्हायचंय अजून. आधी पोचू दे!"

प्रयोग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, झाला. एका बाजूला दाबेलीचा स्टॉल, त्यामुळे पहिल्या अंकात प्रेक्षक सारखे जात आणि हात चाटत परत येत. वरच्या सुराशी अण्णा पुन्हा अडखळले. या वेळी त्यांनी माइककडे रागानं पाहिलं. नाटक संपल्यावर आमचे सेक्रेटरी आले. माणूस सज्जन, उत्साही. "काका, एकदम टॉप! फक्त एक सजेशन. तुम्ही नुसती अ‍ॅक्टिंग करा आणि मागे ट्रॅक लावू, म्हणजे घशाला त्रास नाही."

अण्णांनी नमस्कार केला. त्यांना खरा राग आला की ते नमस्कार करतात.

घरी आल्यावर संध्यानं भांडं न ठेवताच गॅस पेटवला. "पुढचा प्रयोग डोंबिवलीत आहे," ती म्हणाली.

"मग? तिथे दाबेली नसेल."

"तिथे कान असलेली माणसं असतील. तिथे आवाज फाटला ना, तर अण्णांना कोणी थांबा म्हणायची गरज नाही. ते स्वतःच थांबतील. आणि एकदा थांबले की तुमच्यासारखं फ्रिज उघडत बसणं त्यांना जमायचं नाही."

"मग पट्टी उतरवायची."

"त्यांनी सांगितल्याशिवाय? आणि ते सांगणार? दुसरा राजपुत्र आहे का आपल्याकडे? ते उठले की नाटकही उठलं."

मी विचार केला. म्हणजे विचार करताना दिसतो तसा दिसलो. शेवटी तिनंच ठरवलं. डोंबिवलीत ऑर्गनवर गुपचूप अर्धा सूर खाली जायचं, काळी एकच्या जागी पांढरी एक. अण्णांना कळायच्या आत पद संपेल.

डोंबिवलीचा प्रयोग दिवाळीनंतरचा. नाट्यगृह भरलेलं. पहिल्या रांगेत एक आजोबा मांडीवर थर्मास घेऊन आधीच डोळे मिटून बसलेले. संध्या म्हणाली, "हे झोपलेले नाहीत बरं का. हे ऐकतात." मी कॅन्टीनमध्ये बटाटेवडा खाऊन, तिखट पुसून दोरीपाशी उभा राहिलो. नांदी (नाटकाआधीचं मंगलगीत) झाली, हेमांगीची पदं झाली. तिची पट्टी वेगळी आणि तिचा तबलाही वेगळा, त्यामुळे तिथवर सगळं सुरळीत होतं. मग राजपुत्राचा प्रवेश आला.

आता या प्रवेशात राजपुत्र विंगेतूनच, साथीशिवाय, आलाप घेत येतो. ऑर्गन मागून त्याला मिळतो. इतकी वर्षं ते असंच चाललंय. आणि अण्णा सूर ऑर्गनकडून घेतच नाहीत, तो त्यांच्या गळ्यातच बसलेला आहे, ही गोष्ट त्यांच्या मुलीनं आणि हुशार जावयानं विचारातच घेतली नव्हती. अण्णा काळी एकमध्येच गात आले. प्रमोदचा तबला काळी एकलाच लावलेला, कारण त्याला सांगायचं काम माझं असं संध्याला वाटत होतं आणि तिचं असं मला. ऑर्गन एकटाच खाली. दोन शेजाऱ्यांनी एकाच भिंतीत दोन ठिकाणी खिळे ठोकावेत तसा काहीतरी आवाज झाला. थर्मासवाल्या आजोबांनी डोळे उघडले.

संध्या एका ओळीत वर सरकली. पण अण्णा बावरले होते. वरचा सूर आला आणि आवाज सरळ दुभंगला. मग मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि इतरांनीही. पडलेल्या मुलाला उठवताना आपण 'शूर आहेस हं' म्हणतो, त्या टाळ्या.

मध्यंतरात अण्णा आरशासमोर बसले होते. मी चहा घेऊन गेलो. संध्या दारात उभी.

"संध्या, ऑर्गनला काय झालं होतं?"

"काही नाही, अण्णा."

"खाली होता."

संध्या दाराची कडी चाळवू लागली.

"आपल्या मंडळीत नायकाची पट्टी कोण सांगतं?"

"नायक."

"मग आज कोणी सांगितली?"

मी म्हणालो, "अण्णा, चहा निवतोय."

त्यांनी मला नमस्कार केला.

बाहेर प्रमोद तबल्याला कापड गुंडाळत होता. "मना कोनी सांगलाच नाय," तो म्हणाला. "घरान लगीन आनि वाजंत्र्याला पत्ता नाय, तशातली गत."

त्यानंतर अण्णा नाटकाविषयी बोलेनात. तालमी बंद. कल्याणचं नाट्यगृह फाल्गुनातल्या एका रविवारसाठी घेऊन ठेवलं होतं. ते सोडायचं का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. माधुरीताई रोज संध्याला फोन करायच्या. दोघी अर्धा अर्धा तास बोलायच्या आणि शेवटी एकमेकींना विचारायच्या, "मग काय ठरलं?"

माघात प्रमोदचा निरोप आला. शेडमध्ये ओल आली होती, पडदे उन्हात काढायला हवे होते. मी निघालो, तर अण्णा चपला घालून खाली उभे. आम्ही रिक्षानं कोलशेतला गेलो. वाटेत अण्णा एकदाच बोलले, "इथे पूर्वी मिठागरं होती." मी "हो का" म्हणालो. आमचं बोलणं साधारण असंच असतं.

प्रमोदच्या बायकोनं जेवायला बसवलं. निवट्यांचं (खाडीच्या चिखलातल्या माशांचं) कालवण आणि तांदळाची भाकरी. मी निवटी पहिल्यांदाच खात होतो. काटे कुठे सुरू होतात आणि मासा कुठे संपतो याचा अंदाज घेत होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तो आता पलाचा नाय. सावकाश खावा." अण्णा हसले. डोंबिवलीनंतर पहिल्यांदा.

जेवणानंतर आम्ही राजवाडा अंगणात उलगडला. खालची कड ओलीनं सडली होती. पायऱ्या होत्या तिथे नुसती काळी बुरशी. प्रमोदचं म्हणणं, तेवढा भाग कापून नवी पट्टी जोडू, त्यावर पायऱ्या रंगवून घेऊ. मीही मान हलवली. अण्णा कडेकडेनं चालत गेले, वाकून कापड बोटांनी चाचपलं.

"जोडू नका. कापा, आणि दुमडून शिवून टाका."

"अण्णा, राजवारा ठेंगना होईल ना."

"होऊ दे. पायऱ्या कोण मोजतं?" त्यांनी कडेचं कापड ताणून धरलं. कात्री चालू झाली तेव्हा म्हणाले, "कल्याणचं नाट्यगृह सोडलेलं नाही ना?"

संध्याला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आणि पट्टी?" मी म्हणालो, "त्याबद्दल काही बोलले नाहीत." ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत?" मी म्हणालो, "माझ्या घशात काटा आहे."

कल्याणला आमचा टेम्पो बाजारात कांद्याच्या ट्रकांमध्ये अडकला. दोन्ही बाजूंना हमाल, पुढे हातगाडी, मागे एसटी, आणि मध्ये ऑर्गनला धरून मी. एका हमालानं आत डोकावून विचारलं, "काय माल आहे?" मी म्हणालो, "नाटक." तो म्हणाला, "मग सावकाश जा. नासत नाही ते."

पोचलो तेव्हा प्रेक्षक बसत होते. ऑर्गन जेमतेम जागेवर लागला. प्रमोदनं अण्णांचा तबला काळी एकला लावून ठेवला होता, कारण पाडव्याला तेच ठरलं होतं आणि नंतर कोणी काही सांगितलं नव्हतं. तालमीही अण्णांनी नुसत्या संवादांच्या घेतल्या होत्या. पहिली घंटा मी दिली. दुसरी दिली. तिसरी दिली की नाटक सुरू, मग कोणाला काही बोलता येत नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव अधिकार, आणि मी बटणावर बोट ठेवून उभा होतो.

तेवढ्यात अण्णा राजपुत्राच्या वेशात विंगेतून निघाले आणि पडद्याच्या कडेनं बाहेर, प्रेक्षकांच्या देखत, रंगमंचाच्या काठाशी गेले. खाली ऑर्गन, पलीकडे तबला. पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"संध्या, पांढरी सात."

आम्ही डोंबिवलीत चोरून जिथवर गेलो होतो, त्याच्याही खाली. संध्यानं वर पाहिलं. मग नुसती मान हलवली आणि सूर धरला. प्रमोद म्हणाला, "अण्णा, आता?" अण्णा म्हणाले, "आता. घाई करू नकोस, घंटा जावयाच्या हातात आहे."

प्रमोद हातोडी घेऊन तबल्याचे गठ्ठे (सूर चढवा-उतरवायचे लाकडी ठोकळे) ठोकू लागला. ठक, ठक, मग बोटानं टिचकी, मग पुन्हा ठक. प्रेक्षकांनी लयीत टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नाट्यगृहाचा माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, वेळ झाली, द्या घंटा." मी म्हणालो, "बटण अडकलंय." त्यानं बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो निघून गेला. टिचकी आणि ऑर्गन एक झाले तेव्हा प्रमोदनं हात वर केला. मी घंटा दिली.

राजपुत्राचा प्रवेश मी दोरी धरून ऐकला. आलाप विंगेतून निघाला तो अण्णांच्या नेहमीच्या आवाजाहून जाड, थोडा अनोळखी. मग वरचा सूर आला. अण्णा तिथे गेले आणि थांबले. सूर चिरला नाही, थरथरला नाही. अण्णांनी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि संध्यानं त्यांना तो धरू दिला. तिनं एकदाही पाहिलं नाही त्यांच्याकडे. टाळ्या पडल्या. नेहमीच्या, गाणं आवडल्यावर पडतात तशा.

नाटकानंतर एक गृहस्थ रंगपटात आले. शुभ्र सदरा, मागच्या रांगेत बसलेले असावेत. "अण्णा, कमाल! या वयात काळी एक अजून तश्शीच!"

संध्या माझ्याकडे पाहू लागली. अण्णांना मान डोलावून मोकळं होता आलं असतं.

"नाही हो," अण्णा म्हणाले. "काळी एक गेली. आजपासून पांढरी सात."

"असं?" गृहस्थ जरा विचारात पडले. "मला तर काही फरक जाणवला नाही."

"मला तो जाणवेल असं वाटत होतं," अण्णा म्हणाले आणि मिशी उतरवू लागले.

परतताना अण्णा टेम्पोत पुढे बसायचे सोडून मागे, ऑर्गनच्या दुसऱ्या बाजूला बसले. संध्या पुढे. घोडबंदर रोड नेहमीप्रमाणे उभा होता. अण्णा म्हणाले, "जावईबापू, घंटा उशिरा दिलीत."

"हो, अण्णा."

"बरं केलंत."

ऑर्गन आमच्याच घरी आला. उतरवल्यावर मी संध्याला म्हटलं, एकदा दाखव तरी, काळी एक कुठे आणि पांढरी सात कुठे. तिनं झाकण उघडलं, काळीवर बोट ठेवलं आणि डावीकडे सरकवलं. शेजारची पांढरी, आणि तिच्या शेजारची.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली, आणि झाकण लावून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागोमाग गेलो आणि सवयीनं फ्रिज उघडला.